मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: किलोमीटर किती आणि तास किती

नेटवर दोन विमानतळांची नावं टाकली की सेकंदात अंतर येतंय. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को टाका, साधारण १३,५०० किलोमीटर येईल आणि खाली लिहिलेलं असेल की विमानाला सतरा तास लागतात. मग माणूस खुशीत तिकीट बघायला जातो आणि तिथं कुठं बावीस तास, कुठं सव्वीस, कुठं एकतीस असं दिसायला लागलं की डोकं फिरतं. दादा-वहिनी कॅलिफोर्नियात गेल्यापासून आमच्याकडं हा विषय कायम चालू असतो, आणि आता आई पहिल्यांदा जायची आहे म्हणून सांगलीत आमच्या विश्रामबागेतल्या ओळखीच्या सगळ्या काकू-मावश्या विचारतायत की "किती लांब आहे गं नक्की?" त्यात अर्ध्याजणींची मुलं-मुली पण तिकडंच कुठंतरी आहेत. म्हणून म्हटलं हे एकदा नीट लिहून काढूया, कारण मला या गोष्टीची खरंच मनापासून आवड आहे आणि हे कळलं की तिकीट निवडणं खूप सोपं जातं.

आधी ते १३,५०० म्हणजे काय ते बघू. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर तो घ्या, दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणा. ताणलेला दोरा जिथनं जातो तो सगळ्यात जवळचा रस्ता, त्याला ग्रेट सर्कल म्हणतात. आपल्याला वाटतं अमेरिका म्हणजे पश्चिमेला, अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक असं करत जायचं. पण दोरा मुंबईतनं जवळजवळ सरळ उत्तरेला निघतो, थोडासाच पूर्वेकडं कललेला, राजस्थान, हिमाचल, लडाख करत चीनच्या शिनजियांगमध्ये, तिथून सैबेरिया, मग पार ७६-७७ अंश उत्तरेपर्यंत आर्क्टिक समुद्रात, आणि तिकडून अलास्का, कॅनडाचा पश्चिम किनारा करत खाली कॅलिफोर्निया. पहिल्यांदा दोरा धरून बघितलं तेव्हा मी किती वेळ तो गोल हातात घेऊन बसले होते! भिंतीवरच्या नकाशावर हे कधीच दिसणार नाही, कारण तो नकाशा बहुतेक मर्केटर नावाच्या नकाशाकाराच्या पद्धतीचा असतो, १५६९ सालचा, जहाजांना दिशा धरून जाता यावी म्हणून केलेला, आणि त्यात ध्रुवांकडचा भाग भयंकर ताणला जातो. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट मोठी आहे.

त्या वेबसाइटी करतात काय तर दोन्ही ठिकाणचे अक्षांश-रेखांश घेतात, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरतात आणि त्रिकोणमितीनं ही दोऱ्याची लांबी काढतात. पृथ्वी काही अगदी गोल नाही, विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवांकडं ६,३५७, म्हणून दोन साइटवर दहावीस किलोमीटरचा फरक दिसला तर दोन्ही बरोबरच असतात. पृथ्वीचा घेर ४०,००० च्या आसपास, म्हणजे जगातले कुठलेही दोन विमानतळ घ्या, २०,००० च्या पलीकडं अंतर जातच नाही. मग वेळेसाठी ह्या साइटी ताशी ८०० च्या आसपास वेग धरून भागाकार करतात आणि वर अर्धा तास चढवतात. सतरा तास आले ते तिथून. त्यात ना वारा धरलेला असतो, ना डोंगर, ना कुणाचं बंद आकाश.

डोंगराचं आधी सांगते कारण ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. विमान ३५,००० फुटांवरनं जातंय मग हिमालय काय अडवणार असं वाटतं. पण केबिनमधला हवेचा दाब गेला तर वरून जे मास्क पडतात त्यातला ऑक्सिजन साधारण बारा ते पंधरा मिनिटंच पुरतो बहुतेक विमानांत, तेवढ्या वेळात विमानाला १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं, जिथं माणूस मास्कशिवाय श्वास घेऊ शकतो. आणि तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच ४,५०० मीटर, म्हणजे चौदा-पंधरा हजार फूट! खाली यायला जागाच नाही. म्हणून काराकोरम-तिबेटचा तो पट्टा विमानं शक्यतो टाळतात, आणि आपला दोरा नेमका तिथूनच जातो.

दुसरं आकाश. प्रत्येक देशाचं आकाश त्याच्या मालकीचं आणि भांडण झालं की आधी तेच बंद होतं. २०१९ मध्ये बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी ते १६ जुलै पाकिस्ताननं आकाश बंद ठेवलं होतं, आणि पहलगामनंतर २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमानांसाठी परत बंद केलं. तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं वळसा घालून व्हिएन्ना नाहीतर कोपनहेगनला पेट्रोल भरायला, म्हणजे विमानाचं इंधन भरायला, थांबत जायला लागली. अंतर तेच, विमान तेच, आणि प्रवास कितीतरी तासांनी लांबला. तसंच फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर रशियानं युरोपातल्या कंपन्यांना आकाश बंद केलं आणि मग अमेरिकेच्या कंपन्यांनाही, त्यामुळं सैबेरियावरनं कोण जाऊ शकतं आणि कोण नाही हे कंपनी कुठल्या देशाची त्यावर ठरायला लागलं. तुम्ही एकाच दोन गावांची दोन तिकिटं बघताय आणि वेळेत दोन-तीन तासांचा फरक दिसतोय तर हे कारण असू शकतं.

आणि हो, दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तरी ठरावीक वेळात पोचता येईल असा विमानतळ जवळपास लागतो, म्हणून रस्ता त्या हिशोबानं आखलेला असतो. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनातल्या बिघाडामुळं रशियाच्या पार पूर्वेकडच्या मगादान गावात उतरवलं होतं आणि दोनशेवर माणसं तिथं अडकली होती, त्यांना न्यायला दुसऱ्या दिवशी मुंबईहून विमान पाठवलं. त्या वेळी आमच्या ओळखीतल्या एका घरात रात्रभर कुणी झोपलं नव्हतं, त्यांचा मुलगा त्या विमानात नव्हता, पण त्याच रस्त्यानं आदल्या आठवड्यात गेला होता. उतरायला जागा ठेवून रस्ता आखतात म्हणूनच ती माणसं सुखरूप उतरली. वळसा दिसला की मला आता उलट बरं वाटतं.

आता वारा. माझ्या मते ह्या सगळ्यात सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे. सांगलीच्या माणसाला हे समजवायला फार काही लागत नाही, कृष्णेत होडीच्या शर्यती आपण बघतोच की, प्रवाहाबरोबर होडी कशी सुटते आणि प्रवाहाच्या उलट तीच माणसं तेवढीच वल्ही मारतात तरी होडी कशी रांगते. वर साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं वाऱ्याची अशीच नदी वाहते, जेट स्ट्रीम, आणि हिवाळ्यात तिचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वरही जातो. १९२० च्या दशकात वासाबुरो ओईशी नावाच्या जपानी माणसानं फुगे सोडून हा वारा मोजला होता, पण त्यानं ते लिहिलं एस्पेरांतो ह्या मुद्दाम तयार केलेल्या भाषेत, जगभर सगळ्यांना वाचता यावं म्हणून, आणि बाहेर जवळजवळ कुणी वाचलंच नाही. मला त्या माणसाबद्दल फार वाईट वाटतं.

तर ह्या वाऱ्यामुळं काय होतं बघा. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाचा रस्ताच उलटा केला. आधी ते अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किलोमीटर. ते त्यांनी पूर्वेला पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, १५,३०० किलोमीटर. म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त, आणि वेळ लागला साडेचौदा तास, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी! वारा पाठीशी होता म्हणून. आणि येताना परत वारा पाठीशी हवा म्हणून अटलांटिककडून, म्हणजे जाऊन-येऊन विमानाची पृथ्वीप्रदक्षिणाच. त्याच्याही आधी नोव्हेंबर २००५ मध्ये बोइंगनं ७७७-२००एलआर विमान हाँगकाँगहून लंडनला न थांबता नेलं होतं, तेही उलट्या दिशेनं, पॅसिफिक आणि अख्खी अमेरिका ओलांडून, २१,६०२ किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटं. सरळ रस्ता १०,००० पेक्षा कमी आहे! विमान किती लांब जाऊ शकतं हेच दाखवायचं होतं, त्यामुळं वाऱ्याची दिशा धरून गेले. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या वाऱ्यावर बसून ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, जमिनीच्या हिशोबानं ताशी १,३०० च्या वर वेग.

कुणी म्हणेल, जाताना वारा अंगावर आला तर येताना पाठीवर येईल, बरोबरी झाली. होत नाही. ९,००० किलोमीटर अंतर धरा आणि विमानाचा वेग ९००, वारा नसेल तर जायला दहा तास, यायला दहा तास. आता १०० चा वारा धरा. जाताना वेग ८००, सव्वाअकरा तास. येताना १,०००, नऊ तास. मिळून सव्वावीस. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं म्हणून तो पाव तास वाढतो, आणि जेवढा वारा जोराचा तेवढा हा फरक मोठा.

तिकिटावर जे तास लिहिलेले असतात ते मात्र नुसते हवेतले नसतात. विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा वेळ त्यात येतो, रनवेपर्यंत रांगेत सरकत जाणं, उतरायला जागा नाही म्हणून वर घिरट्या घालणं हे सगळं धरून कंपन्या थोडा वेळ चढवूनच लिहितात. म्हणून विमान "वेळेआधी" पोचलं असं पुष्कळदा होतं.

तिकीट वाचायची एक गोष्ट मात्र प्रत्येकानं शिकून घ्यावी. सुटायची वेळ सुटायच्या गावाची असते आणि पोचायची वेळ पोचायच्या गावाची. मुंबईहून रात्री २ ला सुटून सॅन फ्रान्सिस्कोला त्याच तारखेला सकाळी ६ ला पोचतंय असं दिसलं तर चार तासांचा प्रवास नाही तो. उन्हाळ्यात आपल्यात आणि त्यांच्यात साडेबारा तासांचा फरक, म्हणजे प्रवास साडेसोळा तासांचा. अगदी ह्याच वेळा हिवाळ्यात दिसल्या तर फरक साडेतेरा, प्रवास साडेसतरा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास पुढं करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागं. येताना तिकिटावर वेळेपुढं +१ किंवा +२ असतं, म्हणजे सुटल्याच्या तारखेनंतर एक किंवा दोन दिवसांनी पोचणार, ते बारीक अक्षरात असतं आणि न्यायला येणाऱ्यानं तेच बघायचं असतं, नाहीतर गाडी एक दिवस आधी मुंबईत जाऊन उभी राहायची.

आणि आता मुंबईची गाडी, म्हणजे आमच्यासाठी प्रवासाचा सगळ्यात बेभरवशाचा तुकडा. नकाशावर सांगली ते मुंबई विमानतळ सरळ रेषेत ३०० किलोमीटरच्या आसपास आहे. रस्त्यानं पेठ नाका, कराड, सातारा, खंबाटकी, पुणे, खंडाळा करत ते ३८० च्या घरात जातं, आणि वेळ म्हणाल तर आठ-नऊ तास धरूनच चालायचं, जेवणाचा थांबा आणि पुण्याचं ट्रॅफिक धरून. तेवढ्या वेळात लंडनहून निघालेलं विमान मुंबईत येतंय, ७,२०० किलोमीटर! त्या साइटींना आणि तिकिटवाल्यांना हे आठ-नऊ तास दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी प्रवास मुंबईत सुरू होतो, आमच्यासाठी दारात बॅगा गाडीच्या डिकीत चढवल्या की सुरू होतो. विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, आणि रस्त्यात काय होईल सांगता येत नाही म्हणून आणखी दोन तास हातात ठेवायचे, म्हणजे रात्री दोनच्या विमानाला आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत घर सोडायचं. रेल्वेनं महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री जाऊन दिवसभर मुंबईत कुणा नातेवाइकाकडं थांबायचं हा पण चांगला मार्ग आहे, विशेषतः पावसाळ्यात जेव्हा घाटात कधी काय होईल सांगता येत नाही. फक्त मोठ्या बॅगा घेऊन स्टेशनवर चढ-उतार करणं साठीच्या पुढच्या माणसाला जड जातं.

आईसाठी तिकीट बघताना मी हे सगळं समोर ठेवलं. थेट विमानाला अंतर सगळ्यात कमी, पण एकाच खुर्चीत सोळा-सतरा तास, आणि आईचे गुडघे दुखतात. शिवाय थेट विमानांची वेळापत्रकं ह्या आकाशाच्या भानगडीत सारखी बदलत असतात. दुबईवरून गेलं तर १,९३० अधिक १३,०००, म्हणजे पंधरा हजारांच्या जरा आत, थेटपेक्षा दीड हजारच जास्त, पण दुसरा टप्पा परत सोळा तासांचा. दुबई-सॅन फ्रान्सिस्कोचा दोरा ताणला तर तो जवळजवळ उत्तर ध्रुवावरूनच जातो, तेवढं एक बघण्यासारखं आहे. सिंगापूरवरून ३,९०० अधिक १३,६००, साडेसतरा हजार, बघितल्यावर वाटतं हे कशाला, एवढं लांब. पण जाताना पॅसिफिकवर वारा पाठीशी असतो म्हणून तो टप्पा पंधरा तासांत होतो, आणि हवेतला एकूण वेळ दुबईपेक्षा दीड-दोन तासच जास्त निघतो, अंतर अडीच हजारांनी जास्त असूनसुद्धा. येताना मात्र तोच टप्पा सतरा तासांचा. ज्यांचं जायचं-यायचं तिकीट वेगवेगळ्या रस्त्यानं निघतंय त्यांनी हे नक्की बघावं.

शेवटी आम्ही ठरवलं फ्रँकफर्टवरून. मुंबई-फ्रँकफर्ट ६,५७०, तिथून सॅन फ्रान्सिस्को ९,१५०, मिळून १५,७००. थेटपेक्षा २,२०० किलोमीटर जास्त, पण पहिला टप्पा नऊ तासांच्या आसपास आणि दुसरा साडेअकराच्या, मध्ये तीन-चार तास पाय मोकळे करायला. एका दमात बारा तासांच्या वर बसायचं नाही ही आईची अट होती आणि डॉक्टर पण तेच म्हणाले, मध्ये मध्ये उठून चालायचं, पाणी प्यायचं, पायात रक्त साकळू द्यायचं नाही. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवली, त्यात लाजायचं काही कारण नाही, मोठ्या विमानतळावर एका गेटवरून दुसऱ्या गेटला चालायचंच अंतर मोठं असतं. सगळा प्रवास एकाच तिकिटावर घेतला म्हणजे बॅगा मुंबईत दिल्या की सॅन फ्रान्सिस्कोतच घ्यायच्या आणि मधलं विमान चुकलं तर पुढची सोय कंपनीनं करायची. अमेरिकेत आत बदली असलेलं तिकीट स्वस्त होतं पण मी घेतलं नाही, कारण अमेरिकेत पहिल्यांदा जिथं उतरतो तिथं इमिग्रेशन करून बॅगा उचलून परत द्याव्या लागतात, आणि ते आईला एकटीला नको. मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का तेवढं ज्यानं त्यानं आपापलं आधी बघून घ्यावं, नियम देशागणिक वेगळे आहेत.

सगळं मिळून विश्रामबागेतलं दार ते दादाचं दार असा हिशोब केला तर रस्ता आठ-नऊ, विमानतळावर पाच, हवेत वीस-एकवीस, मध्ये थांबा, तिकडं इमिग्रेशनची रांग आणि शेवटी दादाची गाडी, असं करून दीड दिवसाच्या वरच जातं. काकू-मावश्यांना आता मी हेच सांगते, किलोमीटर सांगतच नाही. जायचं तिकीट मेच्या शेवटचं घेतलंय, पाऊस सुरू व्हायच्या आत घाट उतरलेला बरा, आणि परतीचं नोव्हेंबरमधलं, त्यांचं घड्याळ मागं गेल्यानंतरचं. तिकिटावर +२ आहे, तेवढं गाडीवाल्याला लिहून दिलंय.